लाल बटणाचा कप्पा

६ नोव्हेंबर, बुधवार

आला! आमच्या मालकांचा, शेषरावकाकांचा पुतण्या, हरिओम. पुण्याची नोकरी सुटली (कशी सुटली ते कुणी विचारायचं नाही) आणि थेट नांदुऱ्याच्या वर्कशॉपमध्ये, माझ्या डोक्यावर. विहिरीच्या मोटारीचा स्टार्टर मी बनवला, आतला प्रोग्राम माझा — आजपासून 'सॉफ्टवेअर हेड' मात्र हा. हेड! हाताखाली कोण? मी एकटी.

काकांना सांगत होते, "काका, चिप लहान आहे, प्रोग्राम मावून नाही राह्यला." हरिओमसाहेब हसले. "राह्यला! किती गोड बोलता तुम्ही लोक." तुम्ही लोक म्हणे! आई खामगावची आहे याची.

७ नोव्हेंबर

दिवसभर कंपायलरच्या सेटिंगशी खेळला. प्रोग्राम तयार होतो लॅपटॉपवर आणि चालतो विहिरीवरच्या चिमुकल्या चिपमध्ये, दोघांची भाषा वेगळी — हे याच्या गावीही नाही! चिपचं नावच चुकीचं टाकलं. बोर्ड गपगार. तर म्हणतो, "तुझ्या सोल्डरिंगमध्ये प्रॉब्लेम आहे." माझ्या!!

मग इंटरनेटवरून एक ओळ उचलली. लिंकर म्हणजे सगळे तुकडे जोडणारा. त्याला सांगायचं, ज्या तुकड्याला कुणी बोलावत नाही तो फेकून दे. प्रोग्राम मावला. काकांनी पेढे आणले. "पाह्य मयुरी, याले म्हणतात शिक्षण." मी पेढा खाल्ला नाही.

८ नोव्हेंबर

सगळे जेवायला गेल्यावर बोर्ड तपासला. मोटारीच्या जागी बल्ब लावलेला. स्टार्टरला फोन केला (मोटार फोनवरूनही चालू होते), बल्ब लागला. लाल बटण दाबून फोन केला — तरी लागला!

लाल बटण म्हणजे विहिरीत माणूस उतरलाय. ते दाबल्यावर फोन येवो की लाइन येवो (वीज आली की स्टार्टर आपोआप मोटार चालू करतो), मोटार सुरू होता कामा नये. जळगाव जामोदकडे आमच्या विहिरीत उतरताना बाबा अजूनही फ्यूज काढून खिशात घालतात. त्यावरूनच मला हे बटण सुचलं. त्याची तपासणी मी एका वेगळ्या कप्प्यात ठेवली होती. तिला नाव घेऊन कुणी बोलावत नाही. मोटार सुरू होण्याआधी तो अख्खा कप्पा चालतो. म्हणून लिंकरच्या फाइलमध्ये मुद्दाम लिहिलं होतं — हा राहू दे. या शहाण्याने ती ओळ कचरा समजून पुसली. लिंकरने निमूट कप्पा फेकला. एरर नाही, काही नाही.

सांगू? काऊन सांगू! सोमवारी बुलढाण्यात डीलर लोकांसमोर डेमो आहे. दाबू दे स्वतःच्या हाताने. सगळ्यांदेखत बल्ब लागू दे. मग बोल म्हणावं गोड.

९ नोव्हेंबर

तरी एकदा विचारलं, "बटण तपासलं काय?"

"मयुरी, बेसिक गोष्टी मला नको शिकवूस."

बरं! संध्याकाळी एक बोर्ड बॅगेत घालून घेऊन गेला. कुणाला तरी मिरवून दाखवायचा असेल. सोमवार उजाडू दे फक्त.

१० नोव्हेंबर, रविवार

बसमध्ये आहे. अक्षर हलतंय.

सकाळी बाबांचा फोन. आवाजात नुसता आनंद. "तुह्या कंपनीचं स्टार्टर बसलं वं आपल्या विहिरीवर! हरिओमभाऊ सोता आले होते, आत्ताच गेले. एक रुपया घेतला नाही. म्हणे, मयुरीनं बनवलं, पह्यलं तिच्याच घरी लागलं पाह्यजे. आता फ्यूज काढाची कटकट गेली! लाल बटण दाबलं, पाइपाखालचा फुटवॉल साफ कराले विहिरीत उतरून राह्यलो." मी ओरडले, तोवर फोन कट. नंतर उचलतच नाहीत. फोन वरच ठेवला असेल, चपलेजवळ.

हरिओमला लावला. एका दमात सगळं सांगितलं. त्याने गाडी वळवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "तुला माहीत होतं?"

आमच्याकडे लाइन बाराला येते.