माझा हात पेलणारा पियानो

३ मार्च, सकाळी
शाळेचा फोन. जूनमध्ये माजी शिक्षकांची मैफल, शेवटचा क्रम माझा. अकरा वर्षांनी स्टेज. सभागृहातला पियानो वाळवीने खाल्ला, म्हणून कीबोर्ड आणि लॅपटॉप. लॅपटॉपमध्ये खऱ्या ग्रँड पियानोचे आवाज भरलेले असतात. एकेक पट्टी हलकी, मध्यम, जोरात वाजवून टिपलेली. कोणता घ्यायचा ते मी ठरवायचं. माझा हात जड, हे अख्ख्या बैरूतला ठाऊक आहे. भर मैफलीत दोनदा तार तोडली आहे. निश्चय: रोज दोन तास सराव.

७ मार्च
तालार, माझी मुलगी, स्टुडिओत ध्वनिमुद्रण करते. तिने लॅपटॉपमध्ये पहिला पियानो घातला. मिळमिळीत. रजईखालून आल्यासारखा. म्हणे, "आई, यावर लोक रॉक वाजवतात." वाजवोत.

१९ मार्च
दुसरा. जर्मन. जिथे छप्पर उडायला हवं तिथे नुसती शिंक. वीस मिनिटांत बंद केला, कारण लाइट गेली. जनरेटर चालू होता, पण मन उडालं. खालच्या मजल्यावरच्या वर्तुहीबाई पूर्वी माझ्या सरावाला झाडूच्या दांड्याने छत बडवत. तीन वर्षं बडवलेलं नाही. थकल्या बिचाऱ्या.

२ एप्रिल
बोटं सकाळी आखडतात. समुद्राची हवा. तालार म्हणते, डॉक्टरला दाखव. म्हटलं, आजारी पियानो आहे, मी नाही. तिने लगेच विषय बदलला. हट्ट सोडणारी मुलगी नव्हे ती.

११ एप्रिल
तिसरा. तालार तासभर त्यात काहीतरी खुडबुडत होती. काय गर्जना! काचा थरथरल्या. विचारलं, "दोष कुणाचा होता?" "पियानोचाच, आई," म्हणाली आणि कॉफी करायला उठली.

२६ एप्रिल
डॉ. शफीक, दातांचे डॉक्टर, माझे विद्यार्थी. मांजर कुरवाळल्यासारखे वाजवतात. आज त्यांना नव्या पियानोवर बसवलं. पहिल्याच सुराला दोघंही दचकलो. म्हटलं, हळू. "मदाम, याहून हळू म्हणजे हात मांडीवरच ठेवतो."
मग त्यांनी लॅपटॉपमध्ये पाहिलं. स्पर्शाचं माप कुणीतरी पार वर चढवलेलं. नुसतं बोट टेकलं तरी मेघगर्जना. त्यांनी ते मूळ जागी आणलं. पट्टी किती जोराने दाबली त्याचा आकडा पडद्यावर उमटतो, जास्तीत जास्त एकशे सत्तावीस. त्यांचा सहज सत्तर. मी उभी राहिले आणि खांद्यापासून हात आपटला. एक्केचाळीस. पुन्हा. अडतीस.
"मशीन बिघडलंय, मदाम," शफीक म्हणाले. 'दुखणार नाही' म्हणताना वापरतात तोच आवाज.

२७ एप्रिल
शाळेला कळवलं, माझं नाव काढा. कारण: योग्य पियानो मिळाला नाही.
संध्याकाळी तालार आली. तिला म्हटलं, ते माप वर होतं तिथे परत लाव. कोणतं माप, हे तिने विचारलं नाही. लावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. मी वाजवलं.