ओल्या माळावर जाळी

२ ऑगस्ट
जाळी आली! कळंबोलीच्या लोखंड बाजारातून करून घेतली — साखळ्यांची, खाली बोटभर दात. जीपमागे बांधून माळावर ओढायची. मेलेलं गवत निघतं, खत पसरतं, जमीन एकसारखी होते. शारजाला घोड्यांच्या तबेल्यात एकोणीस वर्षं हेच केलं. आता माळ माझा, शेळ्या माझ्या.

शेळ्या राखणारा काशिराम म्हणाला, "फारूकभाई, आता वलं हाय. उघाडी परू द्या, मंग फिरवा."

हसलो. म्हटलं, हे काम तू मला शिकवणार?

३ ऑगस्ट
झाडाखाली साचलेल्या लेंड्या माळभर पसरवल्या. काय देखणा दिसतोय माळ! बायकोला, कुलसुमला, फोटो काढायला लावला. शेळ्या लगेच तिथंच चरायला सोडल्या.

२६ ऑगस्ट
तीन दिवसांत चार गेल्या. गळ्याखाली सूज. उभं राहवत नाही त्यांना.

२७ ऑगस्ट
आणखी दोन. माझं डोकं फिरलं. नाक्यावर, लोकांदेखत काशिरामवर ओरडलो — काय खाऊ घातलंस? तुझ्या हातानं मेल्या त्या! उद्यापासून येऊ नकोस!

तो टोपी काढून उभा राहिला फक्त.

कुलसुम म्हणाली, "तुम्ही शारजात होतात तेव्हा सगळं त्यांनीच सांभाळलं ना? असं बोलतात?" मी ताट सरकवून उठलो.

३० ऑगस्ट
जनावरांच्या डॉक्टर अरुंधती मॅडम आल्या. शेळीची पापणी उलटून दाखवली — पांढरीफट्ट. "पोटात जंत आहेत. रक्त पितात." मग माळाकडे बघून विचारलं, "लेंड्या पसरवल्यात का?"

मी हौसेनं जाळी दाखवली!

"हे कडक उन्हात करायचं. जंतांची अंडी सुकून मरतात. ओलीत पसरवलं की उलटं होतं, काडीकाडीवर जंत चढतात. आणि वर चरायलाही सोडलंत?"

शारजात पाऊस कुठं होता? तिथं निम्मं काम ऊन करत होतं. मला वाटायचं, मीच करतोय.

काशिरामनं सांगितलं होतं. स्पष्ट सांगितलं होतं.

१ सप्टेंबर
औषध लागू पडतंय. उरलेल्या उठून चारा खातायत. काशिरामकडे जायला चपला घातल्या. परत काढल्या. उद्या.

४ सप्टेंबर
नाही गेलो. ओरडताना लाज वाटली नव्हती — माफी मागायला वाटते!

७ सप्टेंबर
गेलो. सगळं सांगितलं — चूक माझी, तुझी काही नाही. काशिरामनं मग हळूच विचारलं, "म्हंजे, मी नाय मारल्या?"

त्याची बायको दारातून बोलली, "घरच्या तिन्ही शेल्या देऊन टाकल्यान त्यानी. नात झाली, चार दिस झालं. तिला पन घेत नाय. माजा हात वंगाल हाय, बोलतो."