यंत्रात बर्फ, खोलीत घाम

प्रिय जावईबापू,

प्रथम एक कोडे घालतो. खिडकीतल्या एसीचा आकडा सोळावर आहे, गार हवा बाहेर येते त्या फटीतून डोकावले तर आत पांढराशुभ्र बर्फ साठलेला दिसतो, आणि त्याच यंत्रासमोर बसलेला माणूस मात्र घामाने निथळतो आहे. ज्याच्या पोटात बर्फ, ते यंत्र खोली गार का करीत नाही? हा चमत्कार तुम्ही स्वतः पाहिला आहे, आणि पाहून आकडा अठरावरून सोळावर आणलात असेही कानावर आले आहे. त्यात तुमचा दोष नाही. बहुतेक जण हेच करतात. परंतु लंगड्या घोड्याला चाबूक मारल्याने त्याचा पाय बरा होत नाही.

उत्तर सोपे आहे, आणि मला तर ते फार सुंदर वाटते. एसी थंडी तयार करीत नाही. तो हमाल आहे. खोलीतल्या हवेची उष्णता उचलायची आणि खिडकीबाहेर नेऊन टाकायची, एवढेच त्याचे काम. हवा जाळीतून आत शिरते, गार नळ्यांवर आपली उष्णता उतरवते आणि थंड होऊन परत येते. आता जाळी तुंबली तर हवा नळ्यांपर्यंत पोहोचत नाही. हमाल दारात उभा, पण ओझेच येत नाही. उष्णता न मिळाल्याने नळ्या गरजेपेक्षा जास्त गारठतात, हवेतली वाफ त्यांच्यावर गोठते, आणि उरलीसुरली वाट त्या बर्फाने बंद होते. मग यंत्र बंद केले, की हा सगळा बर्फ वितळून नको तिथून ठिबकू लागतो.

तुमच्याकडे तो त्या रविवारी दुपारी नेमका माझ्या लेकीच्या कपाळावर ठिबकला. ती दचकून जागी झाली, तेव्हा तुम्ही उशाशी पाण्याचा पेला हातात घेऊन उभे होतात. तुम्हाला तहान लागली होती, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तिचा नाही. आमच्या दारात बॅग टेकवण्याआधीच तिने आरोपपत्र वाचून दाखवले. एक, तुम्ही झोपेत तिच्यावर पाणी ओतलेत. दोन, तिचा आवडता आकाशी स्कार्फ तुम्ही कुठेतरी हरवलात आणि विचारले की नजर चुकवता. तीन, एसी लावला की तिला शिंकांवर शिंका येतात, त्यावर तुम्ही काहीही करीत नाही. “बाबा, तो नुसता मोजतो. ‘ही तिसरी’ म्हणतो आणि पेपर वाचत बसतो. ज्याला माझ्या शिंकेचं काही वाटत नाही, त्याच्याबरोबर आख्खा जन्म काढू?” असे म्हणून ती माझ्या वाचनाच्या खोलीत शिरली, ती अजून तिथेच आहे. मी बैठकीतल्या सोफ्यावर झोपतो. सोफा माझ्यापेक्षा वीतभर आखूड आहे, हे जाता जाता नमूद करतो.

गुरुवारी तिने ऑफिसच्या फाइली आणण्यासाठी मला किल्ली देऊन तुमच्या घरी धाडले. तुम्ही कामावर होतात. फाइली लगेच मिळाल्या. पण समोर आजारी यंत्र असताना मुकाट्याने परत फिरणे माझ्या स्वभावात नाही, हे तुमच्या सासूबाई तुम्हाला सांगतील. मी स्टुलावर चढलो, पुढची जाळी काढली, आणि तिथेच थबकलो. धुळीच्या गाळणीवर दुहेरी घडी घातलेला आकाशी स्कार्फ होता, चारही बाजूंनी कपड्यांच्या चिमट्यांनी नीट ताणून बसवलेला. शिंकांवर तुम्ही काहीच करीत नाही म्हणे! जावईबापू, हेतू शंभर नंबरी, अंमलबजावणी शून्य. धूळ अडली, पण तिच्याबरोबर हवाही अडली, आणि पुढचे सारे रामायण त्यातून घडले. स्कार्फाची ही दशा पाहून तुम्हाला बोलायचे धाडस झाले नसावे. मी सर्व जसेच्या तसे ठेवून, तोंडाला कुलूप लावून परत आलो.

आता शनिवारी असे करा. आधी प्लग काढा. फक्त रिमोटने बंद करून भागणार नाही. स्कार्फ सोडवून बाजूला ठेवा. गाळणी कोमट पाण्यात सौम्य साबणाने, मऊ ब्रशने धुवा आणि सावलीत वाळवा, कारण उन्हात तिचे प्लास्टिक वाकडे होते. आतल्या पातळ पत्र्यांवरून कोरडा ब्रश उभा फिरवा, आडवा नको, ते कागदासारखे दुमडतात. पाणी बाहेर जाण्याचे भोक बारीक तारेने मोकळे करा. गाळणी पूर्ण कोरडी झाल्यावरच बसवा, आणि यापुढे ती दर पंधरवड्याला धुवा. एवढे केलेत तर तुमच्या प्रेमाला चिमट्यांची गरज पडणार नाही.

हे मीच तिला का सांगत नाही, असे तुम्ही विचाराल. मी सांगितले तर “बाबा, तुम्ही त्याचीच बाजू घेता” हे उत्तर तयार आहे. शिवाय एक निरीक्षण आहे. माझ्या पुस्तकांच्या धुळीने ती इथेही शिंकते. पण तिसऱ्या शिंकेनंतर ती क्षणभर थांबते, जणू कुणीतरी काही म्हणणार आहे. कुणीच काही म्हणत नाही. मग ती कपाट उगाच जोरात लावते. मी काल एकदा बाहेरून “ही तिसरी” म्हणून पाहिले. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्यावरून ते काम माझे नव्हे हे स्पष्ट झाले. म्हणून काही फाइली तिथेच राहिल्याचे निमित्त काढून रविवारी सकाळी मी तिला तुमच्याकडे पाठवतो आहे. स्कार्फ धुऊ नका. त्यावरची धूळ कुणाच्या नाकात जाणार होती, ते तिला डोळ्यांनी पाहू द्या. आणि तिच्यादेखत एक साधी परीक्षा घ्या. हे पत्र मी मुद्दाम पातळ कागदावर लिहिले आहे. एसी सुरू करा, शेवटचे पान पुढच्या जाळीवर धरा आणि हात सोडा. पान खाली पडले तर हवा अजून अडते आहे, पुन्हा धुवा. चिकटून राहिले, तर वाट मोकळी झाली. मग तिला त्यावर माझे अक्षर दिसेल आणि कसला कागद आहे म्हणून ती विचारेल. तेव्हा काही बोलू नका. सगळी पाने तिच्या हातात द्या, आणि ती शिंकली तर मोजा.

तुमचाच,
सोफ्यावर मुक्कामी असलेला सासरा