बसमधली डुलकी

एकेकाळचे अहो,

मी घोरते म्हणून तुम्ही मला संसारभर हॉलमधल्या सोफ्यावर झोपवलंत, आणि मीही ते खरं मानलं.

या सहलीत माझ्या शेजारच्या सीटवर घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसतात. आज त्यांच्या खांद्यावरच माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"फार घोरले का हो?" मी विचारलं.

"छे! मधूनमधून हसत होतात. खांदा हलवायचा धीरच झाला नाही मला."

हसत होते? मी? कशाला बरं हसत असेन? तेव्हापासून चैन नाही. उद्या पुन्हा त्याच सीटवर झोपून बघणार आहे.

हे पत्र काही पाठवत नाही. उगाच तुमची झोपमोड कशाला?

सोफ्यावरची