चौरंगाची उलटी फेरी

अप्पा, मी मशीन घेतली. लाकडाची कड गोल करायची, खाच पाडायची मशीन. बाजारात तिला राऊटर म्हणतात. तुम्ही असता तर हातातला रंधा न थांबवताच म्हणाला असता, "बाईनं मशीन घेतली म्हणं. आता म्हशीला चष्मा आणा." आणि वखारीत लाकूड बघायला आलेले चार जण खीखी हसले असते. हसा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाजसुद्धा मला आता धड आठवत नाही, पण त्या हसण्यातली तुच्छता आठवते. ती जुन्या सागासारखी असते, वाळवी लागत नाही. आता मी तुमच्या मरणाच्या वयाच्याही पुढं निघून आले आहे, म्हणजे हिशेबानं मीच तुमच्यापेक्षा मोठी. तेव्हा आज मी बोलते, तुम्ही ऐका.

मानवतची आपली वखार, मागं घर, आणि मधल्या पडवीत तुमचा ठोकळा. दिवसभर दुसऱ्यांना लाकूड विकून झालं की तुम्ही तिथं बसून हौसेनं पाट करायचे, चौरंग करायचे. सुतार नव्हता तुम्ही, हौशी होता, पण सुतारालाही चुका दाखवायचे. दादाला तुम्ही समोर बसवून रंधा धरायला शिकवला. त्याचं लक्ष बाहेरच्या रस्त्यावर. मी चहा घेऊन आले की उंबऱ्यावर थांबायची, आणि तुमच्या हाताखालून लाकडाची सुरळी कशी निघते ते बघायची. एकदा लग्न ठरल्यावर धीर करून म्हणाले, "अप्पा, मी बघू का फिरवून?" तुम्ही म्हणाला, "पोळपाटावर फिरव, लाटणं."

आणि हेच तुम्ही पाहुण्यांपुढं छाती काढून सांगायचे की आमच्या लिंगायतांत बाईच्याही गळ्यात लिंग आणि गड्याच्याही गळ्यात लिंग, देवापुढं कमीजास्त कोणी न्हाई. मी आतून ऐकायची. देवाला बाई चालते, रंध्याला चालत नाही. म्हणजे रंधा देवाहून सोवळा. असली अक्कल तुम्ही कुठून आणली होती हे विचारायचं राहून गेलं.

तुमच्यामागं तुमची सगळी हत्यारं दादानं पेटीत घातली आणि माळ्यावर टाकली. रंधे, पटाश्या, गिरमिट, ती बारीक दातांची करवत. मी सासरी वालूरला एकटीनं शिकत होते. मोडकी बाज, सुटलेली दाराची चौकट, शेजारणीचं पोळपाट. भाजी चिरायच्या सुरीनं लाकूड तासलंय मी. एका दिवाळीला गेले तेव्हा म्हणाले, "दादा, एक रंधा दे मला. तू तर हात लावत न्हाईस." तो म्हणाला, "अप्पाची निशाणी हाय बाई. अशी वाटायची नसती." निशाणी माळ्यावर गंजली. शेवटी भंगारवाल्याच्या गाड्यावर चढली, आणि हे मला वहिनीकडून कळलं. गाढवाला गुळाची चव नाही म्हणतात, पण गाढव निदान गूळ भंगारात देत नाही.

तर ह्या थंडीत दादाचा फोन आला. तुम्ही केलेल्या चौरंगाला, ज्यावर घरातली सगळी लिंगपूजा होते त्याला, वाळवी लागली. पाय शाबूत, वरची फळी भुसा. तो म्हणाला, "परभणीहून तयार आणतो. प्लायवूडचा, वर सनमायका. पुसायला सोपा."

मी म्हणाले, "फळी मी करून देते. शिवरात्रीच्या आत."

फोनवर तो हसला. अगदी तुमचंच हसणं, वारसाहक्कानं घेतलेलं. "बाई, चौरंग हाय तो. पोळपाट न्हाई."

त्या एका वाक्यानं सगळं ठरलं. माझ्या लग्नात तुम्ही पलंग दिला होता, त्याच्या डोक्याकडची फळी अखंड सागवान, चौरंगाच्या रुंदीची. मालक गेल्यापासून मी जमिनीवरच झोपते. पलंग उकलला, फळी काढली. ती एकच होती. दुसरी तशी आता शोधून सापडायची नाही. ती बिघडली की दादा सनमायका आणणार आणि मी मरेपर्यंत पोळपाटवाली राहणार, एवढं मला पक्कं माहीत होतं.

तुमच्या चौरंगाच्या कडेला गोलाई होती. ती हातानं काढायला गोलाईचा रंधा लागतो, तो भंगारात. म्हणून मी मोबाईलवर राऊटर बघायला बसले. अप्पा, तिथं जगातले सगळे शहाणे एका जागी कोंडलेत. एकेकाच्या पाठीमागं भिंतीवर पन्नास हत्यारं टांगलेली आणि बनवलं काय म्हणाल तर मोबाईल ठेवायची घडवंची. एक म्हणतो मोठीच मशीन घ्या, दुसरा म्हणतो लहान घेणारे रडतात. पात्याचे चाळीस नमुने दाखवतात, आणि त्यातले तीन वापरतात. लाकडाला रेषा असतात, त्यांचं ऐकावं लागतं, हे कुणाच्या तोंडातून निघत नाही. ह्यांच्यापेक्षा तुम्ही बरे. तुम्ही शिकवलं नाही, पण खोटंही शिकवलं नाही.

मग परभणीला दुकानात गेले. काउंटरवरचा माणूस पन्नाशीचा, कानावर पेन्सिल. मला बघून म्हणाला, "या मावशी. कोणासाठी पाहिजे? लेकासाठी का?"

"मला पाहिजे."

"तुमी चालवणार?"

"न्हाई, तिला ओवाळणार," मी म्हणाले.

त्यानं आतून एक धूड आणलं. दोन्ही बाजूंना मुठी, वजन एका भरल्या घागरीचं. म्हणे सगळे मिस्त्री हीच नेतात, स्वयंपाकघराचे ओटे, दरवाजे, काहीही करा. मी उचलली आणि खाली ठेवली. माझी मनगटं बघून तरी दाखवायची होती. मला दरवाजे विकायचे नव्हते, एका फळीच्या चार कडा गोल करायच्या होत्या. शेवटी लहान मशीन काढायला लावली, एका हाताच्या मुठीत मावेल अशी; तिला ते ट्रिमर म्हणतात. वेग कमीजास्त करायचं चाक आहे का ते बघितलं, बसवलेलं पातं हलतं का ते बघितलं, आणि पात्याच्या खाली छोटी बेअरिंग फिरते का ते बघितलं. ती बेअरिंग फळीच्या कडेला टेकून चालते, म्हणून पातं आत घुसत नाही. हे सगळं मी त्याला विचारत गेले तसा त्याचा चेहरा उतरत गेला. बरं वाटलं मला.

निघताना तो म्हणाला, "मावशी, एक ध्यानात ठेवा. फळीच्या भोवती मशीन उलटी फिरवायची. घड्याळाच्या उलट. सुलटी नेली तर पळती हातातून."

मी म्हणाले, "आमच्यात देवाचं काम उलटं करत न्हाईत."

त्यानं पिशवी पुढं सरकवली. जुनं माणूस, वाद कशाला, अशा चेहऱ्यानं. मी आपली जिंकल्यासारखी एसटीत बसले.

आता तुमच्याकडे येते. लग्नाआधी तुम्ही मला एक पाट करून दिला होता, आणि स्वयंपाकघरात बसून मी त्याला जवसाचं तेल लावत होते. फडकं हाताला येईल तसं फिरत होतं. तुम्ही पाणी प्यायला आत आला, बघितलं, आणि माझ्या हातातून फडकं ओढून घेतलं. "देवाच्या वस्तूवर हात सुलटाच फिरतो. उलटा हात मसणात." पाटावर अजून देव बसलाही नव्हता. पण तेवढं एक तुम्ही मला शिकवलंत. सबंध आयुष्यात लाकडाबद्दल मला दिलेला तो एकच धडा, आणि मी तो हृदयाशी धरून ठेवला, खुळीसारखा.

कामाच्या दिवशी सकाळी मी अंगणात खाट आडवी घातली, तिच्यावर जाड पाट, पाटावर फळी शिकंज्यानं आवळून. बांगड्या काढल्या. पदर कमरेला घट्ट खोचला. वाकलं की गळ्यातलं लिंग खाली लोंबतं आणि मशीन मिनिटाला हजारो फेरे घेते, म्हणून ते चोळीच्या आत सारून वर रुमाल बांधला. नाकाला फडकं, डोळ्याला चष्मा. म्हशीला चष्मा, हो. आधी आंब्याच्या एका रद्दी फळीवर हात बसवला. एकच कड केली, समोरची, डावीकडून उजवीकडे. लोण्यातून सुरी जावी तशी गेली. मला वाटलं, ह्यात काय अवघड आहे, उगाच बाप्ये मिशा पिळतात.

मग सागवानाची फळी. देवाची फळी. मी मनात शिवशिव म्हणाले आणि उजव्या कोपऱ्यापासून डावीकडे निघाले, प्रदक्षिणेच्या वाटेनं, सुलटी. अप्पा, मशीन वासरासारखी उधळली. मी तिला नेत नव्हते, ती मला नेत होती. कड चावत, उड्या मारत कोपऱ्यापर्यंत गेली आणि जाता जाता कोपऱ्याचा चिंचोक्याएवढा टवका उडवून गेली. मी खटका बंद केला. टवका सापडतो का म्हणून भुशात हात घालून बसले. सापडला नाही.

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काय हो काकू, लागलं का काय हाताला?" मी म्हणाले, "हाताला न्हाई." ती गेली. आणि मला त्या दुकानदाराचं बोलणं आठवलं, आणि मग आपला महादेव आठवला. त्याला तरी पूर्ण प्रदक्षिणा कुठं आहे? पिंडीचं पाणी जिथून वाहतं तिथपर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं उलटं परतायचं. तुमच्याच मागून, लुगड्याचा ओचा सावरत, कितीदा परतले असेन मी. ज्याच्या देवळात अर्धी वाट उलटी चालावी लागते त्याच्या चौरंगावर हात सुलटाच का, हे तुम्ही कधी स्वतःला विचारलं होतं का? नव्हतं. तुम्हाला नियम माहीत होते, कारणं माहीत नव्हती, आणि विचारणाऱ्याला तुम्ही लाटणं दाखवायचे. पात्याला तुमचा नियम माहीत नव्हता. पातं घड्याळासारखं फिरतं, म्हणून त्याच्या तोंडासमोरून, उलटं जावं लागतं. मग लाकूड मशीनला तुमच्याकडे रेटतं आणि ती ताब्यात राहते. एवढं साधं आहे.

मी उठले. आधी रेषा तोडणाऱ्या आडव्या कडा केल्या, कारण तिथं टोकाला लाकूड फाटतं. मग लांब कडांनी ते फाटलेलं निघून गेलं. एका दमात नाही, तीन वेळा थोडं थोडं खोल करत. सगळं उलटं. चावलेली कडही त्यात साफ झाली. गोलाई अशी आली की मी गाल लावून बघितला. फक्त तो कोपरा राहिला. सरसात भुसा कालवून भरला, घासला, तेल दिलं, पण डाग तो डागच. मग दादानं एसटीनं पाठवलेले तुमचे जुने पाय खालून बसवले आणि कोपरा भिंतीकडे करून चौरंग ओसरीवर ठेवला.

आज दादा चौरंग न्यायला आला. ऐंशीला टेकलाय, काठी घेतो आता. बसायच्या आधी त्यानं फळीवर हात फिरवला, कडेवरून अंगठा नेला. पुन्हा नेला. मग म्हणाला, "अप्पाला इतकी सरळ जमत नव्हती." मला वाटलं माझ्या कानांना भास झाला. तेवढ्यात त्याचा अंगठा मागच्या कोपऱ्यावर गेला.

"हे काय झालं?"

"मशीननं खाल्लं," मी म्हणाले. "खराब निघाली."

त्याचं तोंड लाल झालं. "कोणाच्या दुकानातून घेतली? बाईमाणूस, त्यात म्हातारी, म्हणून भिकार माल गळ्यात मारला त्यानं. येवढं देखणं काम माझ्या बहिणीचं, अन् नास करून टाकला." काठी आपटून म्हणाला, "आज राहतो इथंच. उद्या पहिल्या गाडीनं परभणीला जातो. मशीन दे माझ्याजवळ. कसा बदलून देत न्हाई बघतो."

सत्तर वर्षांत माझ्या बाजूनं तो पहिल्यांदा भांडायला निघालाय, अप्पा. आणि तेही त्या माणसाशी, ज्यानं मला खरं सांगितलं होतं. मी आत जाऊन चहा टाकला. दोनदा उकळला तरी बाहेर आले नाही.

आता तो ओसरीवर चौरंगाजवळ पडलाय आणि मी चुलीपाशी हे लिहितेय. वाचेल तो, म्हणून कागद ज्वारीच्या कणगीत घालणार आहे. जेवताना त्याला खरं सांगेन असं म्हणत होते. जेवण झालं. मशीन मी पिशवीत घालून त्याच्या काठीशेजारी ठेवली आहे.