मोठे कंद धाकटीला

५ ऑक्टोबर
मोठे कंद धाकटीला. अर्थातच!

बाबांनी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून ग्लॅडिओलसचे सगळे कंद मांडले होते. आता त्यांना कुंड्या उचलवत नाहीत, म्हणून आम्हा दोघी बहिणींत वाटणी. लसणाच्या गड्डीएवढे टपोरे होते ते सगळे तिच्या पिशवीत. आणि मला? त्या कंदांच्या बुडाला लटकलेली पिल्लं. हरभऱ्याएवढी! "यांना फूल यायला तीन वर्षं तरी लागतील," हे वर ऐकवलं. मग मलाच का, म्हटलं. तर म्हणे, "तुला काय घाई आहे?"

घाई नाही हो. पण लहानपणी खिडकीजवळचा पलंग तिचा, बाबांच्या मांडीवरची जागा तिची. आता चाळिशी उलटली तरी तेच. एकटी आहे ती, हे बाबांचं पालुपद. मी चारचौघांत राहते म्हणून मला काही नको!

६ ऑक्टोबर
ह्यांना सांगितलं. हसले. "लसणावरून भांडताय की काय बहिणी-बहिणी?" दिवसभर अबोला धरला. ह्यांच्या लक्षातही आलं नाही.

११ ऑक्टोबर
लॉन्ड्रीत लोकांच्या कोटांना नंबर टाचत होते, पण डोक्यात तेच. तेवढ्यात तिचाच फोन. "ताई, माझ्या कुंड्या तूच लावून दे ना. मला वाकवत नाही हल्ली."

राणीसाहेब! कंदही हवेत आणि माळीणही. येते म्हटलं. नाही म्हणायला कधी जमलंय मला?

१३ ऑक्टोबर
केलं. इथे लिहून टाकते, दुसऱ्या कुणाला सांगणार?

ती आत आडवी झाली होती — भर दुपारी! मी तिच्या गॅलरीत माती कालवली. मोठे कंद माझ्या पिशवीत टाकले आणि तिच्या कुंड्यांत माझे हरभरे पुरले. वरून पाहिलं तर माती ती माती. कुणाला कळतंय!

निघताना तिने माझे मातीने भरलेले हात धरले. "फुलं आली की पहिला दांडा तुला हं." कंद परत बदलून टाकावेत असं वाटलं. जिना उतरेपर्यंत तेही गेलं.

२ नोव्हेंबर
माझ्या कुंड्यांत पाती वर आली. रुंद, ताठ. हक्काची!

१४ नोव्हेंबर
दर मंगळवारी दोघं कुठे जातात? शेजारीण म्हणाली, "तुझे बाबा आणि बहीण रिक्षातून उतरताना दिसतात गं. हातात हात घालून चालतात, किती गोड!" गोड! मला एकदाही बोलावलं नाही. बाबांना विचारलं. "तिचं जरा काम असतं," एवढंच. काम कसलं, हिंडत असतील दोघं. आणि मी इथे लोकांच्या सदऱ्यांवरचे डाग शोधत बसते.

बारीकही झालीये. काय करतेस गं, विचारलं, तर नुसती हसली. छान दिसते मेली!

९ डिसेंबर
तिच्याकडे जाऊन आले. कुंड्यांत गवत! केसांसारखी बारीक पाती. मला आनंद झाला. खरंच झाला.

रोज सकाळी खुर्ची ओढून कुंड्यांपाशी बसते म्हणे. "ताई, या महिन्यात येतील ना गं फुलं?" मी ऐटीत म्हटलं, "जरा धीर धरायला शीक."

२६ डिसेंबर
पहिला दांडा! खालचं फूल उमललंय — शेंदरी, गळ्याशी पिवळं. आता एकेक करत वर चढतील.

पण दाखवू कुणाला? ह्यांना सांगितलंय, विकत आणलेत. बाबांना घरी बोलावता येत नाही, ते रंगावरून ओळखतील. तिला तर नाहीच. एवढं मिळवलं आणि एकटीच चहा पीत बघत बसले.

३० डिसेंबर
ह्यांनी जाता जाता पाहिलं. "छान आहेत," म्हणाले. झालं.

५ जानेवारी
बाबा लॉन्ड्रीत आले. काउंटरला धरून उभे राहिले. "तिच्या कुंड्यांत नुसतं गवत आलंय गं. मोठे कंद सडले आणि त्यांना चिकटलेली पिल्लंच उगवली की काय, कळत नाही. यंदाच फुलावेत म्हणून मोठे तिला दिले होते. डॉक्टर म्हणतात, फार तर उन्हाळ्यापर्यंत. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती — ताई रडून घर डोक्यावर घेईल म्हणाली. आता त्या पातीवरच आस लावून बसलीये. तीन वर्षं कुठून आणू मी तिला?"

पहिला दांडा माझ्याकडे सुकून गेला. दुसऱ्याला अजून कळ्या आहेत. उद्या सकाळी कुंड्या उचलून तिच्याकडे नेते. काय सांगणार, माहीत नाही.