गोटेश्वराची पलटण

१३ जुलै, रविवार

हात खांद्याच्या वर जात नाही! केस विंचरायला कृष्णप्रसादांना बोलवावं लागलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे पहिल्यांदाच. पण आज लिहिलं नाही तर मी फुटेन.

आज मी चिखलात रांगले. मी! मेडिकलच्या काउंटरवर बसून 'जेवणानंतर एक, झोपताना एक' सांगणारी सुप्रजा! वर काटेरी तार, खाली भाताचा चिखल, आणि बाजूने सर तमिळमध्ये ओरडतायत — "डोकं खाली, अम्मा! शत्रूला तुमचा अंबाडा दिसतोय!" माझ्या पुढे पवित्रा, माझी धाकटी जाऊ. तिची वेणी तारेत अडकली तर ओरडली कशी, "अय्यो, मज सोडून जाऊं नको!" मी तिचा पाय धरून ओढला. चप्पल हातात आली.

खूळ तिचंच. फोनवर जाहिरात पाहिली — निवृत्त सुभेदार कदिरवेल, तेच हे सर, तिरुनीलक्कुडीच्या पुढे नारळाच्या बागेत, चार रविवार. सैन्याच्या कमांडोंना देतात ते शिक्षण, साध्या माणसांसाठी सौम्य करून. (सौम्य!) शेवटी जे पास होतील त्यांना तीन दिवस कोल्लीमलैच्या जंगलात नेणार. दोर, ओढे, डोंगरकडे, आपलं जेवण आपण शिजवायचं.

कोल्लीमलै! मला जायचंय. जायचंय म्हणजे जायचंयच.

घरी सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, सांगितलंय की तिरुनीलक्कुडीच्या देवाला चार रविवार बोललोय. देवा, क्षमा कर. येताना पळत जाऊन तुझं दर्शन घेतलं, अंगारा आणला, ते तू पाहिलंस. आमच्या पायांचा चिखलही पाहिलास.

१४ जुलै

शिंकले. पोटात जे काही आहे ते सगळं दुखलं.

२० जुलै, रविवार

आज नारळाचं खोड खांद्यावर घेऊन कालव्याच्या काठाने पळालो. सहा जण, एक खोड. पुढे बँकेतले अधिकारी, मध्ये आम्ही दोघी आणि कॉलेजची दोन पोरं, मागे ब्युटी पार्लरवाली शिवकामी — ती 'माझी नखं, माझी नखं' करत शेवटपर्यंत आली हां, टाकलं नाही तिने!

सरांचं नाव ठेवलंय. डोकं तुळतुळीत, सोललेल्या नारळासारखं. आमच्या गावात कुंभेश्वर आहे, नागेश्वर आहे, सोमेश्वर आहे. पवित्रा म्हणाली, "हा गोटेश्वर!" मी खोडाखाली हसून हसून मेले. सर समोरच उभे. काय कळणार त्यांना? आम्ही आपले घरच्या मराठीत.

ही आमची पिढीजात सोय. घराबाहेर तमिळ, आणि चारचौघांत जे बोलायचं नाही ते मराठीत. साडीच्या दुकानात दुकानदारासमोर "हा लुटतो, ऊठ", डॉक्टरसमोर "ह्यास कांहीं कळत नाहीं", बसमध्ये शेजारणीच्या नव्या सुनेबद्दल काय वाटेल ते. कुणाच्या बापाला कळत नाही! आमचे पूर्वज तंजावरला घोड्यावरून आले म्हणे. घोडा गेला, तलवार गेली, ही एवढी सोय राहिली.

तर आज गोटेश्वराची आम्ही पुरती पूजा बांधली. पवित्रा: "ह्यास घरीं बायको नाहीं काय? कोणावर ओरडावें म्हणून इकडे येतो." मी: "पोट पाहा! ह्यासच रांगायला लावावें. तारच तुटेल." सर गंभीर चेहऱ्याने शिटी वाजवत होते.

कृष्णप्रसादांना सगळं माहीत आहे. ते संध्याकाळी बामची बाटली पुढे सरकवतात. आज दोन सरकवल्या.

२४ जुलै, गुरुवार

आत्याबाई जेवताना म्हणाल्या, "कोणीं कोठें जायचें असलें तर देवाकडे जावें. बाकी फिरणें म्हणजे चप्पल झिजवणें." धनलक्ष्मीची, म्हणजे दारासुरमच्या आमच्या विणकरणीची, लेक मैत्रिणींबरोबर उटीला गेली, त्यावरून हे.

मी वरण वाढत होते. बोलले नाही. पण इथे बोलते. मी तिरुपतीला गेलेय, श्रीरंगमला, उडुपीला, मंत्रालयमला. दर वेळी डबे, दर वेळी दहा माणसं, दर वेळी मी मागच्या सीटवर पिशव्या धरून. आधी माहेरी अप्पांबरोबर, मग ह्यांच्याबरोबर. मला एकदा — एकदाच! — अशा जागी जायचंय जिथे देऊळ नाही, नातेवाईक नाहीत, आणि ओढा ओलांडायचा तर माझाच पाय पाण्यात घालावा लागेल. बस्स. यात वाईट काय आहे?

आत्याबाई वाईट नाहीत. तसं असतं तर किती सोपं होतं. मला टायफॉईड झाला तेव्हा महिनाभर त्यांनीच भरवलं. त्यांना 'जाते' म्हणून सांगायची छाती होत नाही आणि न सांगता जाववत नाही. आधी पास तर होऊ दे.

२७ जुलै, रविवार

मेले! मेले! मेले!

आज 'शत्रूच्या हाती' हा धडा. जोडीजोडीने एक लाल फडकं बागेत लपवायचं. मग सर पकडणार, हात मागे बांधणार, विचारणार. शेवटची शिटी होईपर्यंत ज्यांनी सांगितलं नाही ते पास.

बादलीने कालव्याचं पाणी अंगावर! शिवकामी दुसऱ्या बादलीला फुटली. कॉलेजची पोरं, 'आईला फोन लावू का?' एवढ्यावर फुटली. बँकेचे अधिकारी मोठे धीराचे, पण मुंग्यांच्या वारुळाजवळ बसवल्यावर त्यांनी स्वतः जाऊन फडकं आणून दिलं.

आम्ही नाही! भिजलेल्या, नाकातून पाणी, दातावर दात वाजतायत, आणि तोंडं बंद. सर समोर स्टुलावर शेंगा खात बसलेले. इतकी मजा मला आयुष्यात आली नव्हती. पवित्रा कुजबुजली, "अगो, बोलूं नको हां! आतां शिटी होईल."

आणि मी — मी! — काय म्हणाले? "मी कशास बोलतें? गवताच्या गंजीखालीं अहे तें तसेंच राहील. ह्या गोटेश्वरास जन्मांत मिळायचें नाहीं!"

सरांनी शेंगांची टरफलं झटकली. उठले. सरळ गंजीकडे गेले. फडकं घेऊन आले, माझ्या समोर धरलं, आणि म्हणाले — मराठीत! —

"काय ओ बाई, गोटेश्वराला गावलं की!"

भूमाते, पोटात घे.

उमेदीची सगळी वर्षं बेळगावात काढली म्हणे, कमांडो पोरं घडवण्यात. "तुमची भाषा जरा जुनी हाय, खरं कळतीय सगळी." पहिल्या दिवसापासून! पोट, बायको, तार, सगळं! "बायको हाय मला. तिला सांगितलं, गोटेश्वर म्हणत्यात. लई हसली. ती बी म्हणतीया आता."

पवित्रा बांधलेल्या हातांनिशी तिथेच आडवी झाली. रडतेय की हसतेय, तिलाही कळत नव्हतं.

मग सर तमिळवर आले आणि हसायचे थांबले. म्हणाले, "मारून कोणी फुटत नाही, अम्मा. आपल्या माणसांत आहोत असं वाटलं की फुटतं. तुमची जोडी सगळ्यांत चिवट होती. म्हणून एक संधी." ते फडकं मला दिलं. मी एकटीने नवी जागा शोधायची. या आठवड्यात कुणीतरी येऊन जागा विचारेल. कोण, कधी, ते सांगणार नाहीत. सांगितलं तर आम्ही दोघी घरी. नाही सांगितलं तर दोघी कोल्लीमलै.

पवित्राने माझा हात असा दाबला की बांगडी वाकली. "तुझ्या तोंडावर माझें कोल्लीमलै अहे, हें विसरूं नको."

२८ जुलै

लपवलं. कुठे, ते इथेही लिहिणार नाही. कुणाचा काय भरवसा!

३० जुलै, बुधवार

वेड लागणार मला.

सकाळी एक म्हातारे दुकानात, "लाल आहे का?" मी म्हटलं, "काय लाल? कुठलं लाल? तुम्हाला कोणी पाठवलं?" बिचाऱ्यांना खोकल्याचं लाल औषध हवं होतं. आमचा नेहमीचा ऑटोवाला रंगा, त्याच्या ऑटोतून भाजीला गेले, तो म्हणाला, "अक्का, हल्ली रविवारी तुम्ही कुठे जाता?" मी अर्ध्या वाटेत उतरले. पुढचं चालत!

पवित्राच आली, लाडात — "मजजवळ तरी सांग की." मी तिला दाराबाहेर काढलं. फितूर तीही असू शकते. ती जिन्यावर बसून हसत होती.

आणि रात्री कृष्णप्रसाद शांतपणे म्हणाले, "फडकें कोठें ठेवलेंस?" मी ओरडले, "मेले तरी सांगणार नाही!" ते काउंटर पुसायचं फडकं विचारत होते. आता त्यांनी नवीन आणलंय.

१ ऑगस्ट, शुक्रवार

आज हसायचं काही नाही.

दुपारी दुकान बंद असताना आत्याबाईंनी मला देवघराशी बोलावलं. "बस. रविवारीं देवाकडे जात नाहींस. मज कळलें." कुणी सांगितलं विचारलं, तर म्हणाल्या, गाव आंधळं नाही.

मी सगळं सांगितलं. तार, खोड, बादल्या, गोटेश्वर, कोल्लीमलै. खोटं बोलले त्याबद्दल पाया पडले. बोलताना एकदा तर दोघी हसलोसुद्धा, अंबाड्याच्या गोष्टीवर. मला इतकं हलकं वाटलं! असं वाटलं की उगाच भीत होते इतके दिवस.

मग म्हणाल्या, "आणि तें फडकें? कोठें अहे?"

मी समईची वात सारखी केली.

"इतकें सांगितलेंस, एवढें काय राहिलें? मी काय त्या मनुष्यास जाऊन सांगणार अहे? घरांतली गोष्ट घरांत राहील."

म्हटलं, "आत्याबाई, तेवढं विचारू नका."

त्या रडायला लागल्या. सासरे गेले तेव्हा पाहिलं होतं त्यांना असं रडताना, त्यानंतर आजच. "म्हणजे मी परकी. तुज एका चिंधीहून मी परकी."

मला वाटलं, सांगून टाकावं. काय मोठं आहे त्यात? एक चिंधी, तीन दिवसांचं रान! त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला. आणि तरीही नाही सांगितलं मी. का नाही सांगितलं? पवित्राला शब्द दिलाय म्हणून, हे खरं. पण दुसरंही खरं आहे — हे एवढं एकच माझं स्वतःचं होतं, आणि ते मला द्यायचं नव्हतं.

२ ऑगस्ट, शनिवार

बोलत नाहीत. कॉफी ओट्यावर ठेवून गेल्या, हातात दिली नाही.

दुपारी त्या वाती वळत होत्या, मी दारात जाऊन उभी राहिले. सांगायलाच गेले होते, खोटं कशाला लिहू. "आत्याबाई —" म्हटलं. त्यांनी मान वर केली. माझ्या तोंडून निघालं, "डोळ्यांत औषध घातलंत का?"

"हूं."

परत आले. उद्या सकाळी जाऊन सरांना सांगणार, मला कोणी विचारायला आलंच नाही. आणि बाकी जे झालं त्याचं काय करायचं, मला माहीत नाही.

३ ऑगस्ट, रविवार. आडिपेरुक्कु, कावेरीच्या भरल्या पाण्याचा सण

पास. दोघीही. विचारायला कोण आलं होतं, ते सरांनी सांगितलं नाही. म्हणाले, "घरी जाऊन सासूच्या पाया पडा."

कावेरी काठोकाठ भरलेली, सगळं गाव घाटावर. आत्याबाईंनी पाण्यात दिवा सोडला आणि माझ्याकडे न पाहता बोलल्या, "तो मनुष्य मंगळवारीं दुकानांत आला, तूं जेवायला गेलेली. विचारून पाहा म्हणाला. खेळ म्हणून मी हो म्हटलें. पण परवां मी खेळलें नाहीं, सुप्रजा. तूं जाऊं नयेस, असेंच मज वाटत होतें. फुटलीस तर बरें, म्हणून रडलें. खरेंच रडलें."

मग माझ्या पानावर चित्रान्न वाढलं, नेहमीपेक्षा जास्त.

"कोल्लीमलैंत मिरीं बरीं मिळतात. येतांना आण."